भिंतीवरचा कागद

मनुष्याला घर केवळ निवाऱ्यापुरते नको असते. ते सुंदरही असावे, असे त्याला वाटते. पूर्वी युरोपातील श्रीमंत लोक आपल्या वाड्यांच्या भिंतींवर विणलेल्या चित्रांचे जाड पडदे टांगीत. त्यांनी भिंतीला शोभा येई व थंडीलाही आळा बसे. परंतु हे पडदे फार महाग असत. म्हणून लाकडी ठशांनी कागदावर वेलबुट्टी छापावी व तो कागद खळीने भिंतीला चिकटवावा, अशी रीत पडली. यालाच ‘वॉलपेपर’ म्हणतात.

इंग्लंडात या कागदाची आवड इतकी वाढली की, १७१२ साली सरकारने त्यावर कर बसविला. तेव्हा काही चतुर लोक कोरा कागद भिंतीला लावीत आणि मग त्यावर नक्षी रंगवून घेत! १८३६ साली हा कर उठला. पुढे यंत्रावर छपाई होऊ लागली, कागद स्वस्त झाला आणि साध्या घरांच्या भिंतीही फुलांनी नटल्या.

परंतु या शोभेत एक संकट दडलेले होते. १७७५ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबे व सोमल यांपासून एक तेजस्वी हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात अशा सोमलयुक्त रंगांनी पुष्कळ कागद छापले गेले. सोमल हे जहाल विष होय. रंगाची धूळ उडून श्वासावाटे शरीरात जाई. कित्येक घरांत माणसे आजारी पडली. डॉक्टरांनी कागदावर संशय घेतला. पण अनेक कारखानदारांना तो पटेना. विल्यम मॉरिससारख्या थोर कलावंतालाही ही भीती निरर्थक वाटली. पुढे गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, अशा रंगावर बुरशी वाढली म्हणजे त्यातून सोमलयुक्त वायूही निघतो.

विशेष गोष्ट ही की, इंग्लंडात या कागदावर बंदी घालणारा कायदा झालाच नाही. गिऱ्हाइकेच जागी झाली. ती सोमलाचा कागद नाकारू लागली, तेव्हा कारखानदारांना निर्धोक रंग वापरणे भाग पडले.

आज संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावरील चित्रालाही ‘वॉलपेपर’ म्हणतात. तेथे ना कागद, ना भिंत. मनुष्याची सौंदर्याची हौस मात्र तीच आहे. ही हौस अवश्य असावी. पण डोळ्यांना सुखविणारी वस्तू कशाची बनली आहे, हेही विचारण्याची सवय असावी.