इंग्रजीतील कर्मणी क्रियापद व त्यानंतरचे इन्फिनिटिव्ह : काळ आणि जबाबदारी

प्रस्तावना
मराठी माध्यमातून पदवी वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतील कर्मणी प्रयोग बहुधा वाक्यरूपांतराच्या स्वरूपातच परिचित असतो. कर्ता व कर्म यांची अदलाबदल साधली की विषय संपला, असा समज त्यातून रूढ होतो. वस्तुतः वृत्तपत्रीय व संशोधनपर इंग्रजीत कर्मणी क्रियापदानंतर 'टु'युक्त इन्फिनिटिव्ह येण्याची रचना वारंवार आढळते. प्रस्तुत लेखात या रचनेचे स्वरूप आणि तिच्या आकलनात होणाऱ्या चुका यांचा विचार केला आहे.

रचनेचे स्वरूप
'द मिनिस्टर इज अंडरस्टुड टु हॅव रिझाइन्ड' हे वाक्य मराठीत 'मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते' असे होईल. मराठीत 'मंत्र्यांनी' हे पद राजीनाम्याच्या क्रियेशीच जोडलेले राहते. इंग्रजीत मात्र ते तेथून उचलले जाऊन मुख्य क्रियापदाचे उद्देश्य बनते. आधुनिक भाषाविज्ञानात या प्रक्रियेस 'रेझिंग' अशी संज्ञा असून पॉल पोस्टल यांचा 'ऑन रेझिंग' हा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा भेद न उमगल्याने विद्यार्थी 'ही इज सेड दॅट ही इज इल' असे सदोष वाक्य लिहितात. 'इट इज सेड दॅट ही इज इल' किंवा 'ही इज सेड टु बी इल' अशी रचना येथे अपेक्षित असते.

शिवाय, अशा प्रत्येक वाक्याचे कर्तरी रूप होतेच असे नाही. 'पीपल से हिम टु बी इल' हे वाक्य ग्राह्य नाही. याउलट 'मेक' या क्रियापदाच्या कर्तरी रूपात 'टु' येत नाही, पण कर्मणी रूपात तो अनिवार्य ठरतो : 'दे मेड हिम वेट', परंतु 'ही वॉज मेड टु वेट'. 'लेट'च्या बाबतीत कर्मणीत सहसा 'ही वॉज अलाउड टु गो' असे क्रियापदच बदलले जाते.

दोन काळ
या रचनेत मुख्य क्रियापद बोलण्याचा काळ दर्शविते, तर इन्फिनिटिव्हचे रूप घटना त्याच काळातील की पूर्वीची, हे सांगते. 'ही वॉज सेड टु बी ऑनेस्ट' म्हणजे तो प्रामाणिक आहे असे लोक तेव्हा म्हणत. 'ही इज सेड टु हॅव बीन ऑनेस्ट' म्हणजे तो पूर्वी प्रामाणिक होता असे लोक आज म्हणतात. पहिल्यात समकालीनांची साक्ष आहे, दुसऱ्यात मागाहून केलेले कथन. इतिहासाच्या अभ्यासकास हा फरक दुर्लक्षून चालणार नाही.

जबाबदारीचा प्रश्न
या रचनेत बोलणारा बहुधा अनुल्लेखित राहतो. तथापि विधान अन्य कोणाचे तरी आहे, ही सूचना कायम असते. 'ही इज अलेज्ड टु हॅव टेकन अ ब्राइब' याचा अनुवाद 'त्याने लाच घेतल्याचा आरोप आहे' असाच व्हावयास हवा. 'त्याने लाच घेतली' असे लिहिल्यास आरोपाचा निवाडा होतो आणि एखाद्या व्यक्तीवर अन्याय घडतो.

समारोप
सारांश, ही रचना केवळ रूपांतराच्या नियमांनी शिकविणे अपुरे आहे. हे कोण म्हणते, केव्हा म्हणते आणि घटना केव्हाची, हे तीन प्रश्न प्रत्येक वाक्यास विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावल्यास व्याकरणाचा अभ्यास विवेकी वाचनाचाही अभ्यास ठरेल.