जुन्या पिकअपचा करंट कुठे अडतो?

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव बाहेरच्यांना कोशाच्या कापडामुळे माहीत आहे. गावाचं रोजचं ओझं मात्र जुन्या पिकअपच वाहतात. धान निघालं की पोती तुमसरच्या बाजारात, परतताना खत, सिमेंट, लग्नसराईत मंडपाचं सामान. वीस-वीस वर्षं झालेल्या गाड्या अजून कामावर आहेत. त्यांचं इंजिन ठणठणीत असतं, पण वायरिंगला इतके हात लागलेले असतात की मूळ वायर कुठली आणि मागाहून जोडलेली कुठली, हे मालकालाही सांगता येत नाही.

अशा गाडीने सेल्फ घेतला नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. नवी बॅटरी बसते, आठवडाभर गाडी झटक्यात चालू होते आणि मग पुन्हा चार माणसं धक्का मारायला. पैसे गेले, बिघाड जागच्या जागी. बॅटरी, सेल्फ किंवा डायनामो बदलण्याआधी करंट नेमका कुठे अडतोय हे मोजून पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे. हे मोजमाप कठीण नाही आणि त्यासाठी लागणारी हत्यारं स्वस्त आहेत: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब म्हणजे टेस्ट लॅम्प, आणि पॉलिश पेपरचा तुकडा.

या गाड्यांची वीज १२ व्होल्टची. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट किल्ली, फ्यूज, स्विच यांतून दिव्यापर्यंत पोचतो. परतीसाठी मात्र बहुतेक ठिकाणी वेगळी वायर नसते. तो पत्र्यातून, चेसिसमधून, इंजिनाच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला येतो. परतीच्या या वाटेलाच ‘अर्थ’ म्हणतात. म्हणजे वाटेचा अर्धा भाग गंजणाऱ्या लोखंडातला. पावसाळ्यात गाडी चिखलातून बांधीच्या धुऱ्यापर्यंत जाते, आणि तो चिखल चेसिसवरच्या अर्थच्या बोल्टावर महिनोन्महिने बसून राहतो.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ बिडी-काडी नको. आणि बॅटरी काढताना आधी मायनस सोडायचा, लावताना तो शेवटी लावायचा. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर तो पाना लाल होईल. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली उतरलेली. आत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. चार्जिंग करूनही आकडा १०.५ च्या पुढे सरकत नसेल तर एक सेल गेला. तिथे बॅटरी बदलण्याशिवाय इलाज नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं, म्हणून साध्या बॅटरीत दर पंधरवड्याला पातळी पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं. ॲसिड वाढवू नये.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. आकडा १० च्या वर राहिला आणि इंजिन जोमाने फिरलं तर सगळं ठीक. ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय. पण बॅटरीवर १२ व्होल्ट टिकून आहेत आणि सेल्फ मात्र नुसता कण्हतोय, असं दिसलं तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेत अडतोय.

इथेच फसगत होते. सेल्फच्या टर्मिनलला मीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि वायर चांगली आहे असं वाटतं. मामा (माजी मालगुजारी) तलावाचा पाट डोळ्यांपुढे आणा. शेवटचं दार बंद असेल तर गाळाने भरलेल्या पाटातही पाण्याची पातळी तलावाइतकीच दिसते. दार उघडल्यावरच कळतं की शेवटच्या बांधीला पाणी पोचतच नाही. व्होल्टेजचंही तसंच. करंट वाहत असतानाचा आकडाच खरा. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअरच्या घरात ओढतो. गंजलेल्या टर्मिनलचा अडथळा ओहमच्या शंभराव्या भागाएवढा असला तरी २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट त्या एका जोडातच जळून जातात.

म्हणून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी टेकवा, आणि सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थ खराब. तसंच बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टापर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त फरक नको. पिन वायरच्या टोकाच्या थिंबलवर टेकवू नका, खुंटीवरच टेकवा, नाहीतर खुंटी आणि थिंबल यांच्यामधला गंज मोजण्यातून सुटतो.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याच्यापासून चेसिसपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी लागते. ती तुटली की करंट दुसरी वाट धरतो, कधी क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारताना एखादी केबल गरम लागली तर दुसरं काही बघण्याआधी ही पट्टी बघा. बोल्ट काढा, थिंबल दोन्ही बाजूंनी घासा, चेसिसवरचा रंग आणि गंज लोखंड चमकेपर्यंत काढा, दातेरी वॉशर घालून घट्ट करा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून जोड कसू नये.

मागच्या दिव्यांचे चमत्कारही बहुधा अर्थचेच. ब्रेक दाबला की पार्किंग मंद पेटतं, इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकतो. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकचं २१ वॅटचं आणि पार्किंगचं ५ वॅटचं, आणि दोघांचा अर्थ एकच. होल्डरचा अर्थ गंजला की ब्रेकचा करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पार्किंगच्या वायरीने दुसऱ्या दिव्यांतून परत जायची वाट शोधतो. खात्री करायची असेल तर एक लांब वायर बॅटरीच्या मायनसला जोडून दुसरं टोक होल्डरच्या पत्र्याला टेकवा. दिवे लगेच सरळ वागले तर नवा होल्डर घेऊ नका, तीच वायर कायमची घालून द्या.

चार्जिंगचा बिघाड जुन्या डिझेल गाडीत फार उशिरा उघड होतो. ज्या गाडीत डिझेलचा पंप यांत्रिक आहे आणि इंजिन बंद करायला ओढायची केबल आहे, तिला एकदा चालू झाल्यावर विजेची गरजच उरत नाही. डायनामो, म्हणजे या गाड्यांतला अल्टरनेटर, मेला तरी ती दिवसभर धावते आणि रात्री रस्त्यात हेडलाइट पिवळे पडतात. म्हणून डॅशबोर्डवरच्या लाल चार्जिंग दिव्याकडे रोज लक्ष हवं. किल्ली फिरवली की तो पेटला पाहिजे, इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. किल्लीचा करंट या दिव्यातून अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीला जातो आणि तिला चुंबक बनवतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज येतं, म्हणून दिवा विझतो. म्हणजे हा दिवा नुसता खबर देत नाही, तो कामही करतो. त्याचा बल्ब फ्यूज झाला तर चांगला अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही. बल्ब बदलून सुटणाऱ्या बिघाडासाठी अख्खा डायनामो उतरवला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरी उकळेल. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासू नका. जुन्या डायनामोच्या काळापासूनची ही सवय अल्टरनेटरचे डायोड जाळते. काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. त्याचं ऑइल सील गळलं की अल्टरनेटरचे कार्बन ब्रश तेलाने माखतात. तिथे आधी सील बदला, मग कार्बन.

सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल तर सगळं बंद करून मायनस सोडा आणि खुंटी व वायर यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा. दिवा पेटला म्हणजे कुठेतरी करंट गळतोय. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझेल तिथे चोर. बहुतेकदा तो मागाहून लावलेला टेप, म्युझिकल हॉर्न किंवा एलईडीची माळ असते. सगळे फ्यूज काढूनही दिवा पेटलेलाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा. उडणाऱ्या फ्यूजवर तार गुंडाळणं मात्र कुणीही करू नये. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायर जळते ती डॅशबोर्डच्या आत. धानाची पोती वाहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा फ्यूज का उडतो हे शोधताना आधी कुरतडलेल्या वायरींसाठीच टॉर्च मारा.

हेडलाइट सदाच मंद असतील तर एक सुधारणा जरूर करावी. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरपेक्षा जास्त ओढतात, आणि अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा करंट डॅशबोर्डच्या झिजलेल्या स्विचमधून फिरून जातो. चार पिनांची रिले घ्या. बॅटरीपासून फ्यूज घालून वायर ३० नंबरला, ८७ नंबरवरून हेडलाइटला, स्विचची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. डिपर आणि अप्परसाठी वेगवेगळ्या रिले लागतील. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका चांगला.