तोल आणि कान : डॉ. रॉबर्ट बारानी यांचे संशोधनकार्य

‘अंथरुणावर कूस बदलली की सारे घर फिरते’, ही तक्रार घेऊन आमच्या कान-नाक-घसा विभागात येणारे पुष्कळ रुग्ण तत्पूर्वी अन्यत्र उपचार घेऊन आलेले असतात. कोणी रक्तदाबावरील, कोणी अशक्तपणावरील औषध घेत असतात. कित्येकांच्या मानेला पट्टा असतो. या चकरेचे मूळ कानात असावे असे सांगितले, की ‘पण मला तर व्यवस्थित ऐकू येते!’ असे उत्तर मिळते. हा गैरसमज दूर व्हावा, या हेतूने या अहवालात आम्ही एका संशोधकाच्या कार्याचा परिचय करून देत आहोत.

डॉ. रॉबर्ट बारानी यांचा जन्म १८७६ साली व्हिएन्ना येथे झाला. बालपणी हाडांच्या क्षयामुळे त्यांचा एक गुडघा कायमचा ताठर झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते व्हिएन्ना येथील ख्यातनाम कर्णरोगतज्ज्ञ डॉ. ॲडम पोलित्झर यांच्या विभागात काम करू लागले. तेथे कान पाण्याने धुण्याचे काम नित्याचेच होते. धुताना काही रुग्णांना भोवळ येई आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देऊ लागत. हे इतरांनीही पाहिले होते. बारानींनी त्या झटक्यांची दिशा टिपून ठेवण्यास आरंभ केला.

पुढे एका रुग्णाने सांगितले, की पाणी पुरेसे ऊन नसले तरच आपणांस चक्कर येते. बारानींनी परिचारिकेस अधिक ऊन पाणी आणावयास सांगितले. ते इतके कढत निघाले, की रुग्ण ओरडला आणि त्याला पुन्हा चक्कर आली. बारानींनी तत्काळ त्याचे डोळे पाहिले. झटक्यांची दिशा नेमकी उलट झाली होती! पाण्याचा दाब नव्हे, तर त्याचे तापमान हे कारण होते. स्नानाच्या पाण्याच्या बंबात वरचे पाणी गरम आणि तळाचे थंड असते, हा लहानपणचा अनुभव त्यांना आठवला आणि उलगडा झाला.

अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके फिरले की द्रव मागे रेंगाळतो, नलिकेतील संवेदनशील पेशी झुकतात आणि मेंदूला व डोळ्यांना संदेश जातो. ऊन पाण्याने नलिकेतील द्रव हलका होऊन वर चढतो, थंड पाण्याने खाली उतरतो. डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याचा भास होतो. प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासण्याची सोय यामुळे प्रथमच झाली. आजही ३० व ४४ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी वापरून ही तपासणी केली जाते. (१९८३ साली ‘स्पेसलॅब’ या अंतराळयानात, जेथे वजनरहित स्थितीत द्रव वर-खाली जाण्याचा प्रश्नच नाही, तेथेही डोळ्यांचे हे झटके दिसले. म्हणजे बारानींचे स्पष्टीकरण महत्त्वाचे असले, तरी पूर्ण नव्हते.)

पहिल्या महायुद्धात ते स्वेच्छेने सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. १९१५ साली प्शेमिशल हा किल्ला पडला आणि ते रशियनांचे युद्धकैदी झाले. १९१४ चे नोबेल पारितोषिक आपणांस जाहीर झाल्याची वार्ता त्यांना मध्य आशियातील मर्व्ह येथील बंदिवासात कळली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ साली त्यांची सुटका झाली. मायदेशी मात्र सत्काराऐवजी सहकाऱ्यांचे आरोप वाट्यास आले : इतरांच्या संशोधनाचे श्रेय त्यांनी पुरेसे दिले नाही. व्यथित होऊन ते स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात गेले आणि १९३६ साली तेथेच निवर्तले.

आमच्या रुग्णांच्या दृष्टीने त्यांचे १९२१ सालचे एक निरीक्षण नोबेलप्राप्त संशोधनाइतकेच मोलाचे आहे. डोके विशिष्ट बाजूस वळविले असताच येणाऱ्या आणि थोड्याच वेळात शमणाऱ्या चकरेचे वर्णन त्यांनी एका तरुण स्त्रीच्या बाबतीत केले. १९५२ साली डिक्स आणि हॉलपाईक यांनी तिच्या निदानाची पद्धत निश्चित केली. अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरतात, हे तिचे कारण. अमेरिकेतील डॉ. जॉन एपली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून हे कण मूळ जागी परत नेण्याची कृती शोधली. ती इतकी साधी होती, की वर्षानुवर्षे तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १९९२ साली ती प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया नाही, महागडे यंत्र नाही. तपासणीचे टेबल आणि प्रशिक्षित हात पुरतात. बहुसंख्य रुग्णांना एक-दोन वेळच्या कृतीनेच आराम पडतो. त्रास पुन्हा उद्भवू शकतो, तेव्हा कृती पुन्हा करता येते.

मात्र ऐकीव माहितीवरून ती घरी करू नये. कोणता कान आणि कोणती नलिका, हे आधी ठरावे लागते. तसेच चकरेसोबत बोबडी वळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा उभेच राहता न येणे यांपैकी काहीही आढळले, तर ते मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट न पाहता रुग्णास तातडीच्या विभागात आणावे.