बोल्ट धरतो, की घर्षण?

शंभरी ओलांडलेला कल्याणचा पत्री पूल नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला. त्याच्या जागी सुमारे ७६ मीटर लांबीचा पोलादी गर्डर नोव्हेंबर २०२०मध्ये रेल्वेमार्गावर ढकलत नेऊन बसवला, आणि जानेवारी २०२१मध्ये पूल खुला झाला. मधली दोन वर्षे कल्याण-डोंबिवलीकरांनी कशी काढली, हे त्यांनाच विचारावे. एवढा गर्डर काही कारखान्यातून अखंड येत नाही. तुकडे आणून जागेवरच जोडावे लागतात. म्हणून पोलाद कितीही चांगले असले तरी खरी परीक्षा सांध्यांची.

पूर्वी सांध्यांत तापवलेले रिव्हेट ठोकत. आता उच्च ताकदीचे बोल्ट वापरतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असते. त्याचा अर्थ असा: तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, आणि तिच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो.

बोल्ट खुंटीसारखा आडवा राहून भार घेतो, असे आपल्याला वाटते. साध्या शेडमध्ये ते खरेही आहे. पण २० मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक २२ मिलिमीटरचे असते. पुलावर दिवसरात्र वाहने धावतात. पत्रे त्या दोन मिलिमीटरांत मागेपुढे सरकू लागले, तर नट ढिले होतात, भोके झिजतात. म्हणून पुलाच्या सांध्यात बोल्टने चिमट्याचे काम करायचे असते. वीस मिलिमीटरचा ८.८ बोल्ट नियमाप्रमाणे आवळला, की पत्र्यांवर सुमारे १४ टनांचा दाब येतो. भार पेलते ते या दाबातून निर्माण होणारे घर्षण.

इथेच गंमत आहे. ‘आयएस ८००’ या भारतीय मानकाच्या २००७च्या आवृत्तीत ग्रिट मारून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागाचा घर्षणांक ०.५ दिला आहे, तर शेंदरी शिशाचा रंग दिलेल्याचा ०.१. म्हणजे तोच बोल्ट, तेवढीच आवळणी. पण एका सांध्यात सुरक्षागुणक लावण्याआधी सात टन पेलतात, दुसऱ्यात दीड टनही नाही. गंजाच्या धास्तीने पत्र्याच्या आतल्या बाजूला रंगाचा हात फिरवणारा कामगार सांध्याची चार-पंचमांश ताकद पुसून टाकतो. रंग द्यायचा तो सांधा आवळून झाल्यावर, बाहेरून. मग पावसाचे पाणीही फटीत शिरत नाही.

आवळण्याचेही तसेच. पान्याला लावलेल्या जोराचा बहुतेक भाग आट्यांच्या आणि वॉशरच्या घर्षणातच जातो. जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला उरतो. आटे कोरडे वा गंजलेले असले, तर पान्यावरचा आकडा बरोबर दिसूनही बोल्ट ढिलाच राहतो. त्यामुळे पत्रे घट्ट टेकेपर्यंत आवळून, नटावर आणि पत्र्यावर सलग रेघ मारून, मग नट ठरावीक अंशांनी फिरवण्याची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. ती रेघ तपासायला येणाऱ्यालाही खालूनच दिसते.