शेळ्यामेंढ्यांची रक्ततपासणी

कन्नड तालुक्यातील पिशोर व आसपासच्या गावांतून मका, कापूस व आले या पिकांच्या जोडीस शेळी हा लहान शेतकऱ्याचा मोठा आधार होय. पिके निघाल्यावर रानात मेंढ्या बसविण्याची चालही जुनीच आहे. अशा वेळी गावच्या शेळ्या व फिरस्त्या मेंढ्या एकाच रानात चरतात व एकाच पाणवठ्यावर येतात. शेतास खत मिळते हे खरे. परंतु रोगासही एका कळपातून दुसऱ्या कळपात जाण्यास वाट मिळते.

अशा रोगांत सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, हा विशेष फसवा आहे. गाभण शेळी बहुधा शेवटच्या दोन महिन्यांत गाभडते. पुढे ती चांगली खाते-पिते, कदाचित पुढल्या वेळी नीट वितेही. मार लागला असेल किंवा वैरण बाधली असेल, असे मालकास वाटते. कधी तसे असतेही. परंतु रोग असल्यास तिच्या दुधातून व विताना पडणाऱ्या स्रावातून जंतू बाहेर पडत राहतात. अशी शेळी बाजारात विकून मोकळे व्हावे असा मोह होतो. पण ती ज्याच्या दावणीस जाते, त्याच्या घरी रोगही जातो.

डोळ्यांस न दिसणारी ही गोष्ट रक्त सांगते. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक दीर्घ तापाने आजारी पडत. त्या तापाचे जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधले. पण ते येतात कोठून, हे कळेना. १९०५ मध्ये डॉ. झॅमिट यांनी निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा रोगाचे मूळ त्यांच्यात सापडले. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे कच्चे दूध देणे बंद होताच ताप झपाट्याने ओसरला.

तपासणी कशी होते ?

पशुवैद्यक मानेच्या शिरेतून थोडे रक्त निर्जंतुक नळीत घेतात. याने जनावरास अपाय होत नाही व दूधही घटत नाही. रक्त गोठल्यावर वर सुटणारे रक्तजल वेगळे करून बर्फात ठेवून प्रयोगशाळेस पाठवितात. पुण्यास औंध येथे रोग अन्वेषण विभाग याच कामासाठी आहे. रक्तजलाचा थेंब गुलाबी रंगाच्या ‘रोझ बंगाल’ द्रवाच्या थेंबात मिसळतात. चार मिनिटांत बारीक गुठळ्या दिसल्या, तर रोगाचा संशय धरून दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. नुकत्याच गाभडलेल्या शेळीत दोष दिसला नाही, तरी सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करणे इष्ट असते.

पशुपालकांनी काय करावे ?

१. गाभडलेले जनावर ताबडतोब वेगळे बांधावे.

२. पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नये. पशुवैद्यकांनी नमुना घेतल्यावर ती चुना टाकून खोल पुरावी. कुत्र्यांस मिळू देऊ नये. गरोदर स्त्रियांनी या कामापासून दूर राहावे.

३. दूध उकळल्याशिवाय पिऊ नये.

४. विकत आणलेली शेळी, मेंढी किंवा पैदाशीचा नर रक्त तपासून घेतल्यावरच कळपात सोडावा.

५. दोषी ठरलेले जनावर पैदाशीसाठी ठेवू नये व दुसऱ्यास पाळण्यासाठी विकू नये. त्याची व्यवस्था पशुवैद्यकांच्या सल्ल्याने करावी.

घरात कोणास येऊन-जाऊन ताप, रात्री घाम व सांधेदुखी असल्यास डॉक्टरांना शेळी गाभडल्याची हकीकत अवश्य सांगावी. तेवढ्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांचे प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये हा अधिसूचित रोग आहे. संशय येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावे, आणि ती खबर नजीकच्या पशुवैद्यकांपर्यंत लेखी जावी, अशी तरतूद आहे. एकाच वाडीत दोन-तीन शेळ्या गाभडल्याचे कानी आल्यास कार्यकर्त्यांनी वाट पाहू नये. मालक बदनामीच्या भीतीने गप्प राहतो. त्यास दोष न देता धीर द्यावा. लपविलेला रोग साऱ्या गावास भोवतो, तर वेळेवर तपासलेले रक्त कळपही राखते आणि घरातील माणसेही.