काचेच्या भांड्यातले कासव

डोंबिवलीतील एका शाळेत सातवीच्या वर्गातील एक मुलगा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून कासव घेऊन आला. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे, हिरवेगार, डोळ्यांच्या मागे लाल पट्टा असलेले. डब्यात बोटभर पाणी आणि चार रंगीत गोट्या होत्या. वर्ग अर्थातच थांबला. "बाई, हे काय खातं?", "बाई, हे कवचातून बाहेर येतं का?" अशा प्रश्नांची सरबत्ती झाली आणि कासव या हातातून त्या हातात फिरू लागले. नंतर त्या शिक्षिकेने आम्हाला तीन गोष्टी विचारल्या : हे कासव कोणते, ते घरी ठेवणे योग्य आहे का, आणि मुलांनी ते हाताळले तर चालते का? ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या शाळांतून हे प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकू येतात, म्हणून त्यांचा येथे सविस्तर विचार करू.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे. कासव ओळखल्याखेरीज पुढे जाताच येत नाही. आपल्या परिसरातील तळ्यांत व नाल्यांत आढळणाऱ्या एका कासवाचे कवच गुळगुळीत कातडीने मढवलेले असते आणि पोटाकडून त्याच्या मागच्या पायांवर कातडीच्या दोन झडपा मिटतात. जमिनीवर राहणाऱ्या स्टार कासवाच्या उंच कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात. ते ठाणे जिल्ह्यातले नव्हेच. गुजरात-राजस्थानचा कोरडा भाग, दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचे घर. तरीही ते चोरट्या मार्गाने शहरांत विकायला येते. ही दोन्ही कासवे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती विकणे, विकत घेणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. स्टार कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून जवळजवळ पूर्ण बंदी आहे. "दुकानात मिळते, म्हणजे चालत असणार" हा समज अनेक सुशिक्षित घरांत आढळतो. तो चुकीचा आहे. धामण, दिवड, अजगर, घोरपड यांनाही हाच कायदा लागू आहे, तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत 'दाखवण्यापुरती' बरणीत धामण ठेवण्याचा उत्साह आवरावा.

आइस्क्रीमच्या डब्यातले कासव मात्र परदेशी होते. लाल पट्ट्यावरून त्याला इंग्रजीत रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. आपण लालपट्टी कासव म्हणू. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. तेथे तळ्यांवर त्याची 'शेती' होते आणि पिल्ले जगभर पाठवली जातात. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून सुमारे ५ कोटी २० लाख कासवे निर्यात झाली. आपल्याकडील मत्स्यालयांच्या दुकानांत हिरवे पिल्लू दिसले तर ते बहुधा हेच असते. ते भारतीय वन्यजीव नसल्याने वरच्या तरतुदी त्याला लागू होत नाहीत. पण कायद्याने अडवले नाही म्हणजे पाळायला सोपे, असे नाही.

दुकानदार सहसा दोन गोष्टी सांगत नाही. एक म्हणजे हे पिल्लू असेच राहणार नाही. मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब होते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी; नर त्याहून लहान. दुसरी गोष्ट आयुष्याची. नीट सांभाळले तर ते वीस-तीस वर्षे सहज जगते. सातवीतल्या मुलाने आणलेले कासव त्याच्या लग्नाच्या वेळीही घरात असायला हवे. तसे क्वचितच होते. बहुतेक पिल्ले पहिल्या एक-दोन वर्षांत मरतात आणि 'त्याचे आयुष्य तेवढेच' म्हणून विषय संपतो.

ती का मरतात, हे समजून घेण्यात जीवशास्त्राचा एक चांगला धडा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण 'शीतरक्ताचे' म्हणतो, पण त्यांचे रक्त थंड असते असे नाही. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त आपल्याइतके गरम असू शकते. फरक एवढाच की आपण अन्न जाळून शरीराची उष्णता टिकवतो, तर ते ती बाहेरून घेतात. म्हणून 'अनियततापी' हा शब्द अधिक बरोबर. उष्णतेसाठी अन्न खर्ची पडत नसल्याने त्यांना तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने फार थोडे अन्न पुरते. मात्र बाहेर उष्णता नसेल तर पचनही चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत बदलापूर-कल्याणकडे रात्री गारठा पडतो, तेव्हा कासव सुस्तावते, खात नाही. घरातली मंडळी काळजीने जबरदस्ती भरवतात, आणि न पचलेले अन्न पोटात कुजते.

निसर्गात हे कासव पाण्यातून ओंडक्यावर चढते, अंग पूर्ण सुकेपर्यंत ऊन खाते आणि तापले की पुन्हा पाण्यात शिरते. म्हणजे त्याला एकाच जागी दोन हवामाने लागतात : साधारण २५ अंश सेल्सिअसचे पाणी आणि तिशीच्या वरची कोरडी जागा. गोल काचेच्या भांड्यात यातले काहीच नसते. ते भांडे गॅलरीत उन्हात ठेवणे तर त्याहून वाईट. मार्च ते मेमध्ये कल्याण-डोंबिवलीचा पारा चाळिशीजवळ जातो. लिटरभर पाणी तासाभरात इतके तापते की कासवाला पळायला सावली नसल्याने ते अक्षरशः शिजते. ऊन द्यायचे ते सकाळचे, निम्म्या भागावर सावली ठेवून आणि लक्ष ठेवून. कावळे आणि मांजरी यांचाही विसर पडू नये.

उन्हाचे दुसरे काम अधिक नाजूक आहे. सूर्यप्रकाशातील २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर अन्नातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. वर्गातल्या मुलांनी विचारले होते, कासव कवचातून बाहेर येते का? येत नाही, कारण कवच हे त्याचे घर नसून हाड आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा रुंदावून, एकमेकांना जुळून ते बनलेले असते. कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते. बोटाने हलके दाबले तर दबते. मुलांमधील मुडदूस या रोगाचाच हा प्रकार. येथे एक गोम आहे. साध्या काचेतून प्रकाश आणि उष्णता आत येतात, पण हे किरण जवळजवळ येत नाहीत. बंद खिडकीमागे 'उन्हात' ठेवलेले कासव ऊन खात असल्यासारखे दिसते, पण ड-३ च्या दृष्टीने ते अंधारातच असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन दुर्मीळ, तेव्हा पाळणाऱ्याला अतिनील किरण देणारा खास दिवा घ्यावा लागतो. तो दिसायला चालू असला तरी काही महिन्यांनी त्याचे किरण क्षीण होतात व तो बदलावा लागतो. बाजारातील साध्या पिवळ्या बल्बने ऊब मिळते, एवढेच.

देवळाच्या मंडपातल्या दगडी कासवाला यातले काही लागत नाही. घरात कासव ठेवले की भरभराट होते, असे सांगून हल्ली पिल्ले खपवली जातात. ज्यांना केवळ त्यासाठी हवे असेल त्यांनी धातूचे घ्यावे, हे आमचे प्रामाणिक मत.

खाण्याची चूकही ठरलेली असते : वर्षभर नुसता सुका जवळा किंवा दुकानातल्या गोळ्या. पिल्ले मांसाहाराकडे झुकलेली असतात, पण वाढत्या वयाबरोबर ती पाण्यातल्या वनस्पती आणि पाला अधिक खाऊ लागतात. एकाच खाद्यावर ठेवलेल्या कासवाचे डोळे पुष्कळदा सुजून मिटतात. अ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचे नेहमीचे कारण. लोक डोळ्यांत औषध घालत बसतात, पण बदल ताटात हवा. हे कासव पाण्यातच गिळते आणि तिथेच घाण करते. त्यामुळे पाणी भराभर बिघडते. पाळणाऱ्यांचा ठोकताळा असा की कवचाच्या दर इंचामागे चाळीस लिटर पाणी. वाढलेल्या मादीसाठी हा हिशेब चारशे लिटरच्या घरात जातो. दोन खोल्यांच्या घरात, एक दिवसाआड पाणी येणाऱ्या भागात, हा आकडा घेण्याआधीच मांडून पाहावा. वर्गात मुलांकडून हे गणित करून घेतले तर कासवाचा हट्ट निम्म्याने कमी होतो.

आता हाताळण्याविषयी. कासव एका हाताने वा शेपटीने उचलू नये. दोन्ही हातांनी, पुढच्या व मागच्या पायांच्या मधे कवचाला बाजूने धरावे आणि जमिनीपासून फार उंच नेऊ नये. ते नखांनी ओरखडते, कधी अंगावर लघवी करते. घाबरून हात सुटला की कवचाला तडा जातो, आणि कवच हाड असल्याने ती फ्रॅक्चरच असते. त्याला उलटे करून 'कसे धडपडते' हे दाखवू नये. आणि मुख्य म्हणजे ते विनाकारण हातात घेऊच नये. कुत्र्यामांजराला कुरवाळणे आवडते. कासवाला ते फक्त सहन होते.

हाताचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास नसतो, पण माणसाला जुलाब, ताप आणि लहान मुलांत याहून गंभीर आजार होऊ शकतो. मुले छोटी कासवे तोंडाजवळ नेत, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. ज्या आकाराचे पिल्लू आपण हौसेने मुलाच्या हातावर ठेवतो, नेमका तोच हा आकार. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. टाकी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये. घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर स्त्री किंवा आजारी वृद्ध असेल तर कासव आणूच नये. त्या दिवशी डोंबिवलीच्या वर्गात मधली सुट्टी पंधरा मिनिटांवर होती आणि डबे दप्तरात होते. बाईंनी सगळ्यांना नळावर पाठवले, हे योग्यच केले.

कासव वाढले, टाकी पुरेना, मग पुढे काय? ठाणे तर तलावांचे शहर. मासुंदा, उपवन, कचराळी अशी नावे तोंडावर असतात आणि 'तिथे सुखात राहील' अशा भावनेने कासव सोडले जाते. हे करू नये. लालपट्टी कासव चिवट, खादाड आहे. ऊन खाण्याच्या जागा आणि अन्न यांसाठी ते स्थानिक कासवांशी स्पर्धा करते, त्यांना रोगही देऊ शकते. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परकीय जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. आपल्या तलावांतील देशी कासवांचे आधीच बरे चाललेले नाही. जानेवारी २०२० मध्ये कल्याणच्या गौरीपाडा तलावात ती मोठ्या संख्येने मेलेली आढळली होती. नको असलेले लालपट्टी कासव ते सांभाळू शकणाऱ्या पाळणाऱ्याकडे किंवा प्राणी संस्थेकडे द्यावे. देशी कासव, स्टार कासव किंवा साप सापडला तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. तो स्वतः उचलून येऊरच्या जंगलात नेऊन सोडणे हेही चुकीचे आहे.

इग्वाना आणि बॉल पायथन हे परदेशी प्राणीही आता शहरांत दिसतात. त्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येत असल्याने २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पिल्ले झाली किंवा प्राणी मेला तरी कळवावे लागते. दुकानदाराने कागद दिले नाहीत तर व्यवहार तेथेच थांबवावा. इग्वाना शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढतो आणि चिडला की शेपटीचा फटका चाबकासारखा मारतो. नवशिक्यांसाठी तो नव्हे.

डोंबिवलीच्या त्या वर्गाने पुढे वेगळाच उद्योग केला. शाळेच्या व्हरांड्यातील ट्यूबलाइटभोवती संध्याकाळी सात वाजता किती पाली दिसतात हे जवळ राहणारी चार मुले आठवड्यातून दोनदा मोजतात आणि शेजारी तापमान लिहितात. जानेवारीच्या थंड संध्याकाळी नोंद एक किंवा शून्य असते, मार्च उजाडला की पाच-सहा. वही आता तिसऱ्या मुलाकडे आली आहे. कासव त्या मुलाच्या मामाकडे अंबरनाथला गेले, तिथे अंगणात सिमेंटची टाकी आहे आणि टाकीच्या मधोमध एक ओंडका टाकला आहे.