‘आधी तू ठरव!’

होस्टेलमागच्या ग्राउंडवर टेनिस बॉलने खेळताना आपला एखादा बॉलर मध्येच डाव्या हाताने बॉल टाकतो. बॅट्समन ओरडतो, ‘ए चीटिंग!’ मग दहा मिनिटं वाद, तेवढ्यात अंधार पडतो आणि मॅच ड्रॉ. हाच वाद २००८ साली अमेरिकेत प्रोफेशनल बेसबॉलच्या मैदानावर झाला, आणि तो मिटवायला नवा नियम लिहावा लागला. ज्याच्यामुळे लिहावा लागला त्याचं नाव पॅट व्हेंडिट.

तारीख १९ जून २००८. स्टेटन आयलंड यँकीज विरुद्ध ब्रुकलिन सायक्लोन्स, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्याच दोन भागांचे संघ. लीग खालच्या पायरीची, नुकतेच कॉलेजमधून आलेले खेळाडू तेव्हा जिथे सुरुवात करायचे तिथली. शेवटची, नववी इनिंग. व्हेंडिटचा हा पहिलाच प्रोफेशनल सामना. दोन बाद झालेले आणि समोर आला राल्फ हेन्रिकेझ.

व्हेंडिट दोन्ही हातांनी पिचिंग करायचा, आणि हेन्रिकेझ दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा, ज्याला तिकडे स्विच हिटर म्हणतात. हेन्रिकेझ एका बाजूला उभा राहिला की व्हेंडिट ग्लोव्ह काढून दुसऱ्या हातात घालायचा. ते बघून हेन्रिकेझ प्लेट ओलांडून पलीकडच्या बाजूला जायचा. की व्हेंडिटचा ग्लोव्ह परत पहिल्या हातात! एकही बॉल पडलेला नाही, आणि हे चालूच. प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला बाहेर पडायची कंडिशन लिहायची राहिली की स्क्रीनवर जे होतं, अगदी तसं. प्रेक्षक हसत होते, अंपायर मात्र गोंधळले होते.

यात दोघंही वेडेपणा करत नव्हते, हे समजायला थोडी भूमिती लागेल. बेसबॉलमध्ये पिचर साडेसाठ फुटांवरून, म्हणजे सुमारे १८.४ मीटरवरून, टप्पा न देता थेट बॉल फेकतो. ताशी ९० मैलांचा बॉल साधारण ०.४ सेकंदात पोचतो. एवढ्या वेळात बॅटरने बॉल ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं, आणि बॅट फिरवायची. उजवा बॅटर आणि उजवा पिचर असेल, तर पिचरचा हात बॅटरच्या पाठीच्या बाजूला असतो. बॉल जणू अंगावरच येतोय असं वाटतं, आणि वळला तर बॅटपासून लांब जातो. तोच पिचर डाव्या बॅटरला टाकतो तेव्हा बॅटरला हात स्वच्छ दिसतो आणि वळणारा बॉल त्याच्याकडे येतो. थोडक्यात, हात आणि बाजू एकच असेल तर फायदा पिचरचा, उलट असेल तर बॅटरचा. म्हणूनच बॅटर स्विच हिटिंग शिकतात. २०२०पूर्वी संघांचे मॅनेजरही एकेका बॅटरसाठी पिचर बदलत बसायचे. पण बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल महागात पडतो. दोन्ही हातांचा पिचर म्हणजे एकाच जागेत दोन माणसं, आणि बदली शून्य.

ही कल्पना पॅटची नव्हती, त्याच्या वडिलांची होती. पॅटचा जन्म ३० जून १९८५चा, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला. पोरगा मुळात उजवा. तो तीनेक वर्षांचा असल्यापासून वडिलांनी त्याला दोन्ही हातांनी फेकायला लावलं. नुसते हात तयार करून भागत नाही. उजव्या हाताने टाकताना डावा पाय उचलावा लागतो, डाव्याने टाकताना उजवा. मग पायांना वळण लागावं म्हणून वडील त्याच्याकडून दोन्ही पायांनी अमेरिकन फुटबॉल मारून घ्यायचे. आपल्याकडे पोराने डाव्या हाताने पेन धरलं की आजी हातावर चापट मारायची, आणि इकडे हे गृहस्थ उजव्या पोराला डावा करत होते!

ग्लोव्ह हा आणखी एक प्रश्न. बेसबॉलचा ग्लोव्ह न टाकणाऱ्या हातात घालतात, म्हणजे हात बदलला की ग्लोव्हही बदलायला हवा. मिझुनो या जपानी कंपनीने त्याच्यासाठी खास ग्लोव्ह बनवला. त्याला सहा बोटं! चार बोटांच्या दोन्ही कडांना एकेक अंगठा, त्यामुळे तो कुठल्याही हातात बसतो. मेकॅनिकलवाल्यांनी या डिझाइनचा फोटो जरूर बघावा. सुटसुटीत उपाय आहे.

पण खरी अडचण वेगळीच होती. दोन हात म्हणजे दुप्पट सराव, आणि एवढं करूनही एकही हात इतरांपेक्षा वेगवान नाही. उजव्याने तो वरून, बऱ्यापैकी वेगात टाकायचा. डाव्याने हात आडवा फिरवून, बराच हळू पण वळणारा बॉल टाकायचा. मोठ्या संघांचे निवडकर्ते स्पीडगन घेऊन फिरतात आणि गनला एका वेळी एकच हात दिसतो. दोन साठ टक्केवाले मिळून एक डिस्टिंक्शन होत नाही, असाच हिशेब. ओमाहातल्याच क्रेटन विद्यापीठाच्या संघात तो स्कॉलरशिपशिवाय, स्वतःच्या हिमतीवर आला. कोच एड सर्व्हिस यांनी सुरुवातीला त्याला दोन्ही हात वापरू दिले नाहीत. मला यात कोचची फारशी चूक वाटत नाही. संघाची सर्कस होईल ही भीती कुणालाही वाटली असती.

पुढे परवानगी मिळाली आणि २००७च्या हंगामात त्याने सलग ४३ पेक्षा जास्त इनिंग एकही रन दिला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्क यँकीजने ड्राफ्टमध्ये त्याला निवडलं, पण कितव्या फेरीत? ४५व्या! आपल्याकडे कॅप राउंडमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत नाव लागलं नाही की घरी सुतक असतं. पठ्ठ्याने ती ऑफर घेतली नाही, कॉलेजला परत गेला आणि शेवटचं वर्ष खेळला. २००८ साली त्याच यँकीजने त्याला पुन्हा निवडलं. या वेळी २०वी फेरी, एकूण क्रमांक ६२०. या वेळी त्याने सही केली. तिथून थोड्याच दिवसांत तो ब्रुकलिनविरुद्धच्या त्या नवव्या इनिंगमध्ये उभा होता.

तर तो वाद. मंडळींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: जो शेवटी ठरवेल त्याचा फायदा. कागद-कात्री-दगडमध्ये समोरच्याचा हात बघून आपला हात टाकायला मिळाला तर कोण हरेल? अंपायर एकत्र जमले, चर्चा झाली आणि निर्णय आला: बॅटरने आधी ठरवायचं. हेन्रिकेझ नाइलाजाने उजवीकडे उभा राहिला. व्हेंडिटनेही उजव्यानेच टाकलं आणि चार बॉलमध्ये तो स्ट्राइक आउट. सामना संपला. हेन्रिकेझने रागाने बॅट जमिनीवर आपटली. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला.

पण कायदेपंडितांनी घाईने जे लिहिलं ते बरोबर उलटं होतं. काही दिवसांतच मायनर लीगच्या अंपायरांच्या संघटनेने नियम काढला: पिचरने आधी दाखवायचं. ग्लोव्ह एका हातात घालून पिचरच्या पट्टीला पाय लावला की हात ठरला. मग बॅटर बाजू निवडणार. एक बॉल पडल्यावर दोघांनाही एकेकदा बदल करता येईल. पुढे मेजर लीगच्या नियमपुस्तकात हे आणखी कडक झालं. एका बॅटरला सुरुवात केलेला हात तो बॅटर संपेपर्यंत बदलायचा नाही. दुखापत झाली तर बदलता येतो, पण मग तो दुखरा हात त्या सामन्यात पुन्हा वापरायचा नाही. हात बदलल्यावर सरावाचे बॉलही मिळत नाहीत.

म्हणजे ज्याच्यामुळे नियम झाला, त्याच्याच विरुद्ध गेला! तरी नुकसान थोडंच. स्विच हिटर मुळात कमी. बाकी सगळ्यांची बाजू ठरलेली, त्यांच्यासमोर व्हेंडिटच शेवटी ठरवणार.

क्रिकेटमध्ये हा पेच फार आधी सुटला आहे. कुठल्या हाताने टाकणार ते बॉलरने अंपायरला सांगायचं आणि अंपायरने बॅट्समनला. विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी स्पिन टाकतो, तोही याच नियमाखाली. आपल्याकडे मधल्या मधे बाजू बदलत पळणारा बॅट्समन नाही, म्हणून लूप तयार होत नाही, इतकंच.

त्या पहिल्या हंगामात स्टेटन आयलंडकडून व्हेंडिटने २३ सामने वाचवले, आणि दर नऊ इनिंगमागे एका रनपेक्षाही कमी दिले. पुढच्या वर्षी चार्ल्सटनलाही असाच खेळ. एखाद्या साध्या पिचरला या आकड्यांवर भराभर बढती मिळाली असती. हा मात्र टॅम्पा, ट्रेंटन, स्क्रँटन असा जवळजवळ एकेक पायरी चढत राहिला. लोक बघायला यायचे, फोटो काढायचे, पण वरून बोलावणं नाही. २०१२ साली उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. दुसरा कुणी असता तर हातात काहीच उरलं नसतं. याच्याकडे निदान एक हात शिल्लक होता.

२०१४नंतर यँकीज सोडून तो ओकलंडकडे गेला. ५ जून २०१५, बॉस्टनचं फेनवे पार्क. सातवी इनिंग, पहिला बॅटर ब्रॉक होल्ट, डावरा. व्हेंडिटने डाव्याने टाकलं, होल्ट बाद. पुढचा हॅन्ली रामिरेझ, उजवा. सहा बोटांचा ग्लोव्ह या हातातून त्या हातात गेला. रामिरेझने हिट मारला, पण त्यापुढच्या माइक नापोलीच्या बॉलवर दोघं एकदम बाद झाले. दोन इनिंग, शून्य रन. मेजर लीगमध्ये एकाच सामन्यात दोन्ही हातांनी पिचिंग त्याआधी १९९५ साली ग्रेग हॅरिसने केलं होतं, तेही कारकिर्दीच्या अगदी शेवटी आणि एकाच इनिंगमध्ये. व्हेंडिट त्या दिवशी २९ वर्षांचा होता. ड्राफ्टनंतरची सात वर्षं गेली होती.

पुढे टोरंटो, सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को असं फिरणं झालं, कधी वर, कधी परत मायनरला. २०२० साली मेजर लीगने एक नवा नियम आणला: मैदानात आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना टाकायचं किंवा इनिंग तरी संपवायची. एकेका बॅटरसाठी पिचर बदलणं त्यामुळे बंद झालं. डाव्या-उजव्या दोघांनाही पुरून उरेल असा माणूस आता प्रत्येक संघाला हवा होता. त्याच हंगामात मायामीकडून व्हेंडिट मेजर लीगमध्ये शेवटचा खेळला. तेव्हा त्याला पस्तिसावं वर्ष पूर्ण झालं होतं.